प, सा, ग, ध

लालबाजारातील पोलीस मुख्यालय मागे टाकून रवींद्र सरणीला लागले, की कोलकात्याचा आवाज बदलतो. ज्या रस्त्याला जुनी माणसे अजूनही चितपूर रोडच म्हणतात, त्याच्या कडेला वाद्यांची दुकाने एकाला एक लागून उभी आहेत. कुठे हार्मोनियमचा उघडा पडलेला भाता, कुठे भिंतीला पाठ लावून उभ्या असलेल्या तारांविना सतारी, कुठे तबल्याच्या पुडीवर शाई घोटीत बसलेला कारागीर. एका दुकानात कुणी सूर छेडून पाहत असते, शेजारच्या दुकानात दुसरे कुणी. आणि दोघांचा षड्ज एकच असावा अशी काही सक्ती नसते. या गलबल्यात वाद्य पारखायचे म्हणजे जत्रेत कुणी कानाशी सांगितलेला निरोप ऐकण्यासारखेच आहे. तरीही पिढ्यान् पिढ्या माणसे इथे येतात, आणि बहुतेक वेळा योग्य ते वाद्य घेऊनच परततात.

२०२२ सालच्या डिसेंबरातील एका दुपारी एक मराठी बाई अशाच एका दुकानाची पायरी चढून आत गेल्या. वय सदुसष्ट. खांद्यावरच्या पिशवीत शिवणकामाची फीत, एक पेन्सिल आणि जाड पुठ्ठ्याच्या बांधणीची जुनी वही. आपल्याला युकुलेले पाहायचे आहे, टेनर किंवा बॅरिटोन, आणि किंमत सात हजारांच्या आत असावी, असे त्यांनी स्वच्छ बंगालीत सांगितले. मालकाने अदबीने विचारले, ''नातीसाठी का, माशीमा?''

''नाही. माझ्यासाठी.''

मालकाने एक खुर्ची पुढे ओढली आणि ती हाताने पुसून दिली.

बाई मूळच्या नागपूरच्या. नागपूर आणि कोलकाता ही दोन शहरे बंगाल नागपूर रेल्वेने एकमेकांना बांधली, त्याला आता शंभराहून अधिक वर्षे झाली. त्या रेल्वेचा वारसा चालविणाऱ्या दक्षिण-पूर्व रेल्वेच्या गार्डन रीच येथील कचेरीत बाईंचे यजमान हिशेबनीस होते. १९७७ साली लग्न होऊन बाई इकडे आल्या, एका शाळेत भूगोल शिकवू लागल्या, आणि हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासातील गणेशोत्सवाखेरीज मराठी कानांवर पडण्याचे प्रसंग कमी होत गेले. घरात मात्र गाणे होते. यजमान गिटार वाजवीत. पार्क स्ट्रीटच्या हॉटेलांतून वाजविणाऱ्या एका गोमंतकीय वादकाकडे ते ऑफिस सुटल्यावर शिकायला जात, आणि जे शिकत ते हिशेबनिसाच्या शिस्तीने वहीत उतरवून ठेवीत. बाई गात, ते साथ करीत. भावगीते, रवींद्रसंगीत, हिंदी चित्रपटांतील काही गाणी, सारे एकाच वहीत. प्रत्येक पानावर गाण्याचे पहिले दोन शब्द, त्याखाली सहा उभ्या रेघांच्या चौकटी, चौकटींत बोटे ठेवण्याच्या जागी काळे ठिपके, आणि कोपऱ्यात लाल शाईने एक टीप: 'कॅपो ३'.

२०१६ साली यजमान गेले. गिटार खोळीत राहिली. बंगालच्या दमट हवेत न वाजणारे वाद्य स्वस्थ बसत नाही. तीन पावसाळ्यांनंतर खोळ उघडली, तेव्हा तारा गंजल्या होत्या आणि घोडी एका बाजूने उचकटली होती. ती दुरुस्त करता आली असती. परंतु त्याच वर्षी बाई जिन्यावरून पडल्या, डावे मनगट मोडले, आणि प्लॅस्टर निघाल्यावरही मुठीची पकड पूर्वीची राहिली नाही. गिटारीच्या रुंद दांडीला त्या हाताचा वेढा पडेना. पोलादी तारा तर बोटांच्या पेरांना कापीतच. वही उघडली की ठिपके दिसत. त्यांचे काय करायचे, हे कळत नसे.

चार तारांचे, नायलॉनच्या तारांचे, मांडीवर मावणारे वाद्य असते, हे त्यांना पुतण्याने सांगितले. आणि नुसते सांगून न थांबता त्याने एक पाठवूनही दिले. निळ्या रंगाचे, वर पांढरी फुले रंगविलेले, अगदी धाकट्या आकाराचे ते युकुलेले दिसायला गोजिरे होते. पण ते सुरात राहीना. मोकळ्या तारा जुळवाव्यात, तर पडद्यावर बोट ठेवताच सूर चढे. आणि जसजसे वरच्या पडद्यांकडे जावे तसतसा अधिकच चढे. दोन महिने बाई समजत होत्या की दोष आपल्या कानाचा आहे, आपल्या हाताचा आहे, आपल्या वयाचा आहे. स्वस्त वाद्याची खरी किंमत हीच असते. पैसे थोडे जातात, पण नवशिक्याचा स्वतःवरचा विश्वास जातो. आणि त्याला ते समजतही नाही, कारण तुलनेला दुसरे वाद्य हाताशी नसते.

शेवटी त्यांच्यातील भूगोलाची शिक्षिका जागी झाली. त्यांनी शिवणाची फीत घेतली आणि मोजले. तारेची कंपन पावणारी लांबी म्हणजे दांडीच्या टोकाच्या पट्टीपासून घोडीपर्यंतचे अंतर. बारावा पडदा या लांबीच्या मध्यावर असतो, कारण तार निम्मी झाली की सूर बरोबर एक सप्तक चढतो. बोटाने दाबताना तार थोडी ताणलीही जाते; म्हणून बाराव्या पडद्यापासून घोडीपर्यंतचे अंतर अलीकडच्या अंतरापेक्षा केसभर जास्तच ठेवावे लागते. त्या निळ्या वाद्यात ते तीन मिलिमीटर कमी होते. घोडीच चुकीच्या जागी चिकटविली होती. बाईंनी तो आकडा कागदावर लिहिला, दोनदा पडताळून पाहिला, आणि त्या रात्री त्यांना बऱ्याच दिवसांनी स्वस्थ झोप लागली. ते वाद्य आजही त्यांच्या स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला टांगलेले आहे.

तेव्हा लालबाजारात आलेल्या बाई अगदीच अजाण नव्हत्या. युकुलेलेचे मुख्य आकार चार: सोप्रानो, कॉन्सर्ट, टेनर आणि बॅरिटोन. सोप्रानोच्या तारेची लांबी साधारण तेरा ते चौदा इंच, कॉन्सर्टची पंधरा, टेनरची सतरा आणि बॅरिटोनची एकोणीस ते वीस. पहिले दोन आकार त्यांनी मनातून वगळले होते. बारक्या पडद्यांत त्यांची बोटे एकमेकांवर चढत. प्रश्न उरला होता तो मोठ्या दोघांचा.

या वाद्याची जन्मकथा फार जुनी नाही. ऑगस्ट १८७९ मध्ये 'रेव्हन्सक्रॅग' नावाचे जहाज मदेइरा बेटावरून चार महिन्यांचा प्रवास करून होनोलूलूच्या बंदराला लागले. त्यात उसाच्या मळ्यांवर काम करण्यासाठी निघालेली शेकडो पोर्तुगीज माणसे होती. त्यांतील मान्युएल नुनेश, ऑगुश्तु दियश आणि जुझे दु इश्पिरितु सांतु हे तिघे लाकूडकामाचे कारागीर होते. मळ्यांवरील करार संपल्यावर त्यांनी होनोलूलूत दुकाने थाटली, आणि मदेइरातील 'मशेत' नावाच्या चिमुकल्या चार तारांच्या वाद्यावरून, हवाईतील कोआ वृक्षाच्या लाकडात, हे नवे वाद्य घडविले. तारा जुळविण्याची रीत त्याने 'रझाँव' या पाच तारांच्या भावंडाकडून उचलली, असे मानतात. हवाईचा राजा कालाकौआ याला ते आवडले, आणि परक्या मळेकऱ्यांचे वाद्य दरबारात जाऊन बसले. 'उकुलेले' या हवाईयन नावाचा रूढ अर्थ 'उड्या मारणारी पिसू'. राणी लिलिउओकलानी हिला मात्र त्यात 'इथे आलेली भेट' असा अर्थ दिसे. आपल्याकडे ज्या पोर्तुगीजांमुळे गोव्यात व्हायोलिन आणि गिटार रुजली, त्यांच्याच हातून पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला ही पिसू निपजली.

कोलकात्याला हवाईची ओळख नवी नव्हती. सामोआत जन्मलेले आणि हवाईत वाढलेले ताऊ मो हे वादक चाळिसाच्या दशकात आपल्या कुटुंबासह या शहरात राहिले, वाजवीत राहिले. मांडीवर आडवी ठेवून धातूच्या कांडीने वाजविण्याची हवाईयन गिटार बंगालने अशी काही जवळ केली, की पुढे सुनील गांगुली, बटुक नंदी, काझी अनिरुद्ध यांच्या हातून ती घरोघर पोहोचली. रवींद्रसंगीत शब्दांविना ऐकण्याची सवय या वाद्याने लोकांना लावली. युकुलेले मात्र मागेच राहिले. कारण उघड आहे. कांडी तारेवरून घसरते आणि मींड निघते. आपल्या कानाला आणखी काय हवे? युकुलेलेचा सूर छेडताक्षणी मावळू लागतो. त्यावर मींड टिकत नाही. त्याने फक्त गळ्याला आधार द्यावा. पण बाईंना तेवढेच हवे होते. गळा त्यांचा स्वतःचा होता.

टेनर आले ते १९२० च्या दशकात, सभागृहात आवाज पोहोचावा म्हणून. बॅरिटोन त्याहून धाकटे, चाळिसाच्या दशकाअखेरचे. अमेरिकेत आर्थर गॉडफ्री या नभोवाणी आणि दूरचित्रवाणीवरील निवेदकामुळे ते लोकांना ठाऊक झाले. त्याच सुमारास, १९४९ च्या आसपास, मारिओ मॅकाफेरी या कारागिराने प्लॅस्टिकची युकुलेले काढली आणि ती लाखांच्या संख्येने खपली. हा गृहस्थ सामान्य नव्हे. १९३२ साली पॅरिसमधील सेल्मर कंपनीसाठी ज्या गिटारीचा आराखडा त्याने केला, तिच्या घराण्यातील गिटारी जँगो राइनहार्ट वाजवीत असे. मधल्या काळात प्लॅस्टिकचे कपड्यांचे चिमटेही त्याने बनविले. स्वस्त म्हणजे टाकाऊ असे म्हणणाऱ्यांनी मॅकाफेरीची आठवण ठेवावी. त्याच्या प्लॅस्टिकच्या युकुलेल्यांचे पडदे जिथे असायला हवेत तिथेच होते. पैसे वाचवायचे ते रंगात, चकचकाटात, शिंपल्यांच्या नक्षीत, मापात नव्हे. एवढी एक गोष्ट कारखानदारांना कळली, तर नवशिक्यांचे निम्मे अश्रू वाचतील.

मालकाने तोवर काउंटरवर तीन टेनर आणि दोन बॅरिटोन मांडली. त्यांतले एक बॅरिटोन बाईंच्या ऐपतीपलीकडचे होते. त्याची वरची पाटी अखंड लाकडाची होती. ते त्यांनी हाती घेतले नाही. एक तर किंमत. आणि दुसरे म्हणजे अखंड लाकूड नाद उत्तम देत असले, तरी ओलसर पावसाळा आणि कोरडा हिवाळा यांत फुगते, आकसते, क्वचित तडकते. पातळ थर चिकटवून केलेले लाकूड नादात थोडे मुके, पण स्वभावाने सोशीक. ज्या घरात यंत्राने हवा कोरडी ठेवण्याची सोय नाही, तिथे नवशिक्याने सोशीक वाद्यच आणावे.

टेनरच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ होते. ते हलके, स्वस्त, आणि त्याच्या तारा कुठेही मिळणाऱ्या. शिकविणारे बहुतेक सारे त्याच्याच सुरावटीत शिकवितात: जी, सी, ई, ए. बॅरिटोनची सुरावट निराळी: डी, जी, बी, ई; म्हणजे गिटारीच्या खालच्या चार तारांचीच. पुस्तके सांगतात तो फरक एवढाच. परंतु बाईंनी ही अक्षरे हार्मोनियमवर वाजवून पाहिली होती, आणि त्यांना त्यात एक गंमत आढळली होती. टेनरच्या सी स्वराला, म्हणजे पांढरी एकला, षड्ज मानले, तर त्याच्या चार तारा होतात प, सा, ग, ध. बॅरिटोनच्या जी स्वराला, म्हणजे पांढरी पाचला, षड्ज मानले, तर तिथेही चार तारा होतात प, सा, ग, ध. दोन्ही वाद्यांची कुंडली एकच! टेनरचा पंचम बहुधा वरचा, मध्य सप्तकातला लावतात, तर बॅरिटोनचा पंचम मंद्र; हा एक भेद सोडला, तर बोटांची जी ठेवण एकावर, तीच दुसऱ्यावर. फक्त बॅरिटोनचा षड्ज टेनरच्या षड्जापेक्षा पाच अर्धस्वरांनी खाली, म्हणजे ज्याला आपण मंद्र पंचम म्हणू तिथे बसतो.

इथेच वहीतील लाल शाईचा अर्थ लागतो. तरुणपणी बाई काळी पाचमध्ये गात. यजमानांना सोयीची गिटारीवरची बोटे जी या षड्जाची. म्हणून ते तिसऱ्या पडद्यावर कॅपो आवळीत, आणि पांढरी पाचची काळी पाच होई. पांढरी पाच, काळी चार, पांढरी सहा, काळी पाच. तीन पडदे, तीन पायऱ्या. वहीतील जवळजवळ सगळी गाणी अशी. वयाबरोबर बाईंचा गळा खाली आला. काळी पाचचा तार षड्ज आता लागत नाही. पांढरी पाचमध्ये मात्र आवाज अजून मोकळा पडतो. म्हणजे त्या गळ्याने तीन पायऱ्या उतरून नेमके तिथे येऊन थांबावे, जिथे कॅपोखेरीजची ती बोटे त्याची वाट पाहत होती. असे योग कुणी ठरवून आणीत नाही. पण ते आले, की त्यांकडे पाठ फिरवणेही माणसाला जमत नाही.

टेनर घेतले असते, तर वहीतील त्याच ठिपक्यांनी षड्ज पांढरी एकवर गेला असता. बाईंना ती पट्टी झेपत नाही. मग प्रत्येक गाण्याची बोटे बदलावी लागतील: जिथे जी लिहिला आहे तिथे डीची ठेवण, जिथे सी तिथे जीची, जिथे डी तिथे एची. जाणत्या वादकाला हा पोरखेळ आहे. बाईंनी त्याचा तक्ताही करून आणला होता, वहीत घडी घालून ठेवला होता. तो तक्ता वापरला, की पानांवरचे ठिपके निरुपयोगी ठरत. आणि ती वही मग वाचायची वही न राहता जपून ठेवायची वही झाली असती.

बॅरिटोनविरुद्ध एकच मुद्दा होता आणि तो मनगटाचा होता. जीची ठेवण चार तारांवर अगदी सोपी: तीन तारा मोकळ्या, फक्त पहिल्या तारेवर तिसऱ्या पडद्याशी अनामिका. गिटारीत याच कॉर्डला तीन-चार बोटे लागतात. पण ती एक अनामिका तिथवर पोहोचली पाहिजे. बाईंनी फीत काढली. दांडीच्या टोकापासून तिसऱ्या पडद्यापर्यंत टेनरवर भरले सुमारे सात सेंटिमीटर. बॅरिटोनवर आठ आणि थोडे. फरक सव्वा सेंटिमीटरचा. मालक हे सारे कुतूहलाने पाहत होता. वाद्य मापून घेणारे गिऱ्हाईक त्याने बहुधा प्रथमच पाहिले असावे.

बाईंनी आधी टेनर घेतले. अनामिका सहज पडली. चार तारा छेडल्या. सूर उजळ, लख्ख, किंचित खट्याळ. त्यांनी तो षड्ज गुणगुणून पाहिला, मध्यमापर्यंत चढल्या आणि थांबल्या. मग परवडणारे बॅरिटोन घेतले. पहिल्या प्रयत्नात बोट पडद्याच्या अलीकडेच अडले आणि तार खरखरली. दुसऱ्यांदा त्यांनी अंगठा दांडीच्या मागे थोडा खाली सरकविला, कोपर अंगाजवळ आणले, बोट पोहोचले. दुखले. मोडलेल्या मनगटात अगठ्याच्या मुळाशी एक ओळखीची कळ उठली. पण तार खरखरली नाही. मंद्र पंचमापासून चार स्वर एकामागून एक निघाले, दुकानातील कोलाहलाच्या खालून वाहत गेल्यासारखे. बाईंनी डोळे मिटले नाहीत, काही नाही. त्यांनी लगेच बोट उचलले आणि पुन्हा ठेवले, पुन्हा उचलले आणि पुन्हा ठेवले. असे दहा वेळा. दहापैकी सहा वेळा स्वर स्वच्छ आला. फिजिओथेरपिस्टने दिलेला रबरी चेंडू दाबतानाही त्या असेच मोजीत.

मालक म्हणाला, ''माशीमा, सांध्यांना त्रास असेल तर टेनर बरे. दुकानदार म्हणून नाही सांगत.''

''सहा वेळा आला ना?'' बाई म्हणाल्या.

मग त्यांनी परीक्षा सुरू केली, आणि तिथे भावनेला जागा ठेवली नाही. प्रत्येक तारेवर प्रत्येक पडदा दाबून एकेक स्वर ऐकला. दुसऱ्या तारेवर नवव्या पडद्याशी सूर थोडा चरचरला, तो त्यांनी मालकाला ऐकविला. पडद्यांच्या कडा दांडीबाहेर येऊन बोटाला टोचतात का, हे तळहात फिरवून पाहिले. बाराव्या पडद्यावर तार जास्त उंच नाही ना, हे एका रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवून खाली सरकवून बघितले. ती जेमतेम जात होती. तारेच्या मध्यावर बोट नुसते टेकवून निघणारा बारीक घंटेसारखा स्वर आणि तोच पडदा दाबून निघणारा स्वर, दोन्ही एक आहेत की नाहीत, हे चारही तारांवर ताडून पाहिले. खुंट्या फिरविल्यावर मागे घसरत नव्हत्या. घोडी लाकडाला सपाट चिकटलेली होती. तिच्याखाली कागदाचा कोपरा शिरत नव्हता. फीत लावून दोन्ही निम्मी अंतरे मोजली. घोडीकडचे अर्ध्या रेघेने जास्त भरले. मागच्या बाजूला वार्निश एका ठिकाणी ओघळून सुकले होते, त्याकडे मालकाने स्वतःच लक्ष वेधले. बाईंना त्याचे काही वाटले नाही. मॅकाफेरी असता, तर त्यालाही वाटले नसते.

किंमत सांगितली होती सात हजार दोनशे. ओघळलेल्या वार्निशापायी आणि चरचरणाऱ्या पडद्यापायी सहा हजार आठशे ठरले. तो पडदा मालकाने तिथल्या तिथे बारीक कानशीने दोन-चार वेळा घासून दिला. बंगळूरला असलेल्या मुलाने यापूर्वीच फोनवर सांगितले होते, की आई, स्वस्तातले घेऊ नकोस, पैसे मी पाठवतो. बाईंनी पाठवू दिले नाहीत. पेन्शन त्यांची होती, हातही त्यांचाच होता. शिवाय महागड्या वाद्याला नवशिका भितो. त्याला पुसून ठेवतो, वाजवीत नाही.

एकच अडचण निघाली. बॅरिटोनच्या तारा दुकानात नव्हत्या. मालक म्हणाला, मागवाव्या लागतील, महिना लागेल. नायलॉनच्या गिटारीच्या चार तारा लावता येतात, सूर तेच आहेत. पण वाद्याची लांबी कमी असल्याने त्या ढिल्या पडतात, आवाज लुळा येतो. आणि पोलादी तारा चुकूनही लावू नका, घोडी उपटून निघेल. उपटलेली घोडी बाईंनी पाहिली होती. त्यांनी तारांच्या दोन संचांची आगाऊ रक्कम देऊन पावती घेतली.

घरी आल्यावर पहिले चार दिवस वाद्य सुरात राहीना. जुळवावे आणि पाच मिनिटांत उतरावे. त्या निळ्या वाद्याने पोळलेल्या बाई क्षणभर धास्तावल्या. पण हा दोष नव्हता, नव्या नायलॉनचा धर्म होता. नायलॉन ताणत जाते, मग स्थिरावते. त्या रोज सकाळी हार्मोनियमवर पांढरी पाच दाबीत आणि एकेक तार चढवीत: प, सा, ग, ध. पाचव्या दिवशी दुपारपर्यंत सूर टिकला.

मग त्यांनी वही उघडली. सहा उभ्या रेघांपैकी डावीकडच्या दोन जाड तारांच्या. त्या या वाद्याला नाहीत. पोस्टकार्डाची एक पट्टी कापून त्यांनी त्या दोन रेघांवर ठेवली. उरलेल्या चार रेघांवरचे ठिपके जसेच्या तसे उपयोगी पडत होते. जी: एक ठिपका. ई मायनर: एक ठिपका. सी: दोन. डी: तीन. पट्टी एका चौकटीवरून दुसऱ्या चौकटीवर सरकवीत त्या पानाच्या शेवटापर्यंत गेल्या. कोपऱ्यातील 'कॅपो ३' त्यांनी पेन्सिलीने खोडायला घेतले, आणि तसेच राहू दिले. पहिले पूर्ण गाणे जमायला पुढचे सात आठवडे लागले. त्या गाण्याचे पहिले दोन शब्द यजमानांच्या अक्षरात आहेत. चाल त्यांना पाठ होती, पण दुसऱ्या कडव्याचे शब्द मात्र नागपूरला बहिणीला फोन करून विचारावे लागले.

फेब्रुवारीत खालच्या मजल्यावरची नऊ वर्षांची मुलगी आपले कॉन्सर्ट युकुलेले घेऊन वर आली. तिच्या शाळेत शिकवितात. दोघी शेजारी बसल्या, दोघींनी एकच बोट एकाच तारेवर तिसऱ्या पडद्याशी ठेवले आणि एकदम छेडले. दोन निराळे कॉर्ड निघाले. मुलीने नाक मुरडले.

''दिदा, तुमचे चुकीचे लागले आहे.''

बाईंनी आपल्या तारा एकेक वाजवून दाखविल्या, मग तिच्या. मुलगी पुन्हा म्हणाली, की सरांनी सी असाच दाखविला आहे. बाई म्हणाल्या, तुझे बरोबर आहे. आता माझ्याशी जुळवायचे, तर तुला तीन बोटे लागतील. त्यांनी वहीतील घडी घातलेला तक्ता काढला, आणि डीच्या ओळीवर पेन्सिलीने खूण करून तो तिच्यासमोर ठेवला.